भूमिपुत्रांनी ठेवलेलं नाव

'ज्या भूमीला माणूस नाव देतो, तिचं सुखदुःख तो आपलं मानतो.' हे वाक्य अंटार्क्टिकावरच्या भारताच्या सर्वांत नव्या तळाच्या दर्शनी भिंतीवर पितळी अक्षरांत बसवलेलं आहे. त्याच्या वर, याहून मोठ्या अक्षरांत, तळाचं नाव यायचं आहे. त्यासाठी चार खिळे ठोकून ठेवले आहेत. ते गंजू नयेत म्हणून दर उन्हाळ्यात त्यांना तेल लावण्यात येतं. तळाला आठ वर्षं झाली.

ध्रुवावरच्या तळांना नावं कशी पडतात, याचा काही एक नियम नाही. रशियनांनी एका तळाला जहाजाचं नाव दिलं. ब्रिटिशांनी धूमकेतूवाल्या खगोलशास्त्रज्ञाचं दिलं. जर्मनांनी अशा एका शास्त्रज्ञाचं दिलं, ज्याने जन्मभर दक्षिण ध्रुवाचा ध्यास घेतला आणि तिथे कधी पाऊल ठेवलं नाही. बेल्जियमने आपल्या शाळकरी राजकन्येचं दिलं. आपण पहिल्या तळाला दक्षिण गंगोत्री म्हटलं आणि तो काही वर्षांतच बर्फाखाली गेला. मग मैत्री झालं, भारती झालं. तोवर सगळं सुरळीत होतं, कारण तोवर नामकरण समिती नव्हती.

नव्या तळासाठी ती नेमली गेली. समितीने आधी एका नदीचं नाव सुचवलं, तर ती नदी ज्या दोन राज्यांतून वाहते त्या दोघांनी आपापल्या उच्चाराप्रमाणेच लिहिण्याचा आग्रह धरला. मग एक शिखर सुचवलं, तर शेजारच्या देशाने निषेधाचा खलिता पाठवला. मग एक सद्गुण सुचवला. तो आधीच एका उड्डाणपुलाला देऊन झाला होता. व्यक्तीचं नाव द्यायला समितीतले सगळेच तयार होते, आणि तिथेच तर खरी अडचण होती.

या बिननावाच्या तळावर त्या हिवाळ्यात एकच माणूस होता. डॉ. केतकी वाकोडे, मूळ अमरावतीची, वय सेहेचाळीस, अविवाहित, विषय सागरी ध्वनिशास्त्र. बर्फ उपसणं, जनरेटर राखणं, पोळ्या लाटणं ही कामं यंत्रं करत. पूर्वी अशा तळांवर वीसपंचवीस जण हिवाळा काढत, पण दोन माणसं ठेवली की भांडतात आणि तीन ठेवली की गट पडतात, असा अनुभव आल्यावर एकच ठेवायचं ठरलं. एका माणसाचा गट पडत नाही. निवडीच्या मुलाखतीत तिला विचारलं होतं, "एकटेपणाची सवय आहे?" ती म्हणाली होती, "मी पुण्यात फ्लॅटमध्ये राहते." तिला लगेच घेतलं.

तिचं काम सीलचं बोलणं ऐकण्याचं होतं.

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावरचा वेडेल सील हिवाळाभर समुद्रावर गोठलेल्या बर्फाच्या खाली राहतो. तो मासा नाही, त्याला श्वास घ्यायला वर यावंच लागतं. म्हणून तो दातांनी बर्फ घासून छिद्र पाडतो आणि ते बुजू नये म्हणून पुन्हापुन्हा घासत राहतो. म्हातारपणी दात झिजले की छिद्र राखता येत नाही, आणि सीलचं आयुष्य बहुधा तिथेच संपतं. वर बर्फ, खाली काळोख, छातीत तासाभराची हवा. अशा जनावराला कुठलं छिद्र कुठे आहे हे माहीत असणं म्हणजे काय, ते सांगायला नको. सील पाण्याखाली सतत आवाज काढतात. शिट्ट्या, चिवचिव, टकटक. त्यांतले बरेचसे आवाज इतके बारीक असतात, की माणसाच्या कानाला ते ऐकूच येत नाहीत.

केतकीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी तयार केलेल्या यंत्राचं नाव होतं ध्वनिवेध. त्याला सीलची भाषा समजत नव्हती आणि समजून घ्यायचीही नव्हती. ते फक्त दोन गोष्टी टिपायचं. कुठल्या सीलने कुठे कोणता आवाज काढला, आणि तो ऐकल्यावर बाकीचे कुठे गेले. लाखो आवाज असे ताडून पाहिल्यावर लक्षात आलं, की एक ठराविक शिट्टी वाजली की दूरदूरचे सील एका ठराविक छिद्राकडे वळतात. दुसऱ्या शिट्टीला दुसऱ्या छिद्राकडे. ज्या आवाजाने दूरचा जीव एका विशिष्ट जागेकडे वळतो, त्या आवाजाला त्या जागेचं नाव म्हणायला हरकत नाही. माणसांच्या गावांचंही याहून वेगळं काही नसतं. तर सील जागांना नावं देतात, हे सिद्ध झालं. जगभर खळबळ उडाली आणि ती नेहमीप्रमाणे आठवडाभर टिकली.

मुख्यालयात मात्र ती टिकली. तिथले उपसंचालक तांबोळी हे सरळ आणि दमलेले गृहस्थ होते. मे महिन्यात त्यांचा फोन आला.

"मॅडम, एक कल्पना आहे. माझी नाही, वरची आहे, म्हणजे चांगलीच असणार. सील आपल्या तळाला काय म्हणतात?"

"आपल्या तळाला?"

"म्हणजे बघा, ते तिथले मूळ रहिवासी. त्यांना राज्य नाही, जात नाही, पक्ष नाही, भाषा असून भाषावाद नाही. त्यांनी दिलेलं नाव आपण घेतलं तर कोण विरोध करणार? मंत्रीमहोदयांना शब्दसुद्धा सुचलाय. भूमिपुत्रांनी ठेवलेलं नाव."

"सर, ते पाण्यात राहतात."

"मॅडम, प्रस्तावात एवढं खोल कुणी जात नाही. पंधरा ऑगस्टला जाहीर करायचंय. मी अधूनमधून विचारत जाईन."

जूनमध्ये दुसरा फोन आला, घरून. केतकीच्या धाकट्या भावाला, प्रज्वलला, लग्नानंतर अकरा वर्षांनी मुलगी झाली होती.

"ताई, आत्या झाली तू!" पडद्यावर प्रज्वलचं फक्त कपाळ दिसत होतं. "पोट्टी मस्त आहे. रडून राहिली सारखी. नाव तूच ठेवायचं बरं! आई म्हणते, आत्याशिवाय बारसं होत नाही."

"मी डिसेंबरशिवाय येत नाही रे."

"फोनवर करू. काय त्यात? तू फक्त नाव शोध."

नाव केतकीला त्याच क्षणी सुचलं. प्रज्वलने फोन खाली ठेवायच्या आत सुचलं. इंदू. जुनं, दोन अक्षरी, गच्चीवरून हाक मारली तर पार कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत जाईल असं. ती सांगणारच होती, तेवढ्यात प्रज्वल म्हणाला, "उद्या करतो फोन. मग सांग."

आणि दुसऱ्या दिवशी त्याने खरंच फोन केला.

याआधी घरून महिन्याकाठी एखादा फोन यायचा. केतकीने स्वतः केला तर आई घाबरून जायची. "काय झालं गं?" हा तिचा पहिला प्रश्न, आणि काही झालं नाही असं कळलं की तिला पुढे काय बोलावं ते सुचायचं नाही. पोळ्या कोण करतं, थंडी आहे का, या दोन प्रश्नांनंतर फोन संपायचा. आता मात्र घरूनच फोन आला होता आणि कुणीही घाबरलेलं नव्हतं.

"सुचलं का, ताई?"

"शोधतेय," केतकी म्हणाली.

एवढंच. तिने काही ठरवून केलं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला तेव्हा ती पाच मिनिटं आधीच पडद्यासमोर, केस विंचरून, बसलेली होती.

मग रोज फोन येऊ लागला. प्रज्वलचा, त्याच्या बायकोचा, म्हणजे ऋतुजाचा, मधूनच आईचा. नावाच्या निमित्ताने बाकीचंही कळायचं. पोरीला कावीळ झाली होती, उतरली. ती प्रज्वलच्या अंगावर शू करते, ऋतुजाच्या नाही. कोपऱ्यावरची पिठाची गिरणी बंद पडली. केतकीने दोन नावं सुचवली आणि दोन्ही पडतील याची काळजी घेऊन सुचवली. पहिलं तिच्या शाळेतल्या कजाग मुख्याध्यापिकेचं होतं. दुसरं ऋतुजाच्या चुलत जावेचं.

"ताई, तुम्ही एवढा विचार करून राहिल्या," ऋतुजा एकदा म्हणाली. "आमच्या बहिणीने तर मशीनकडून तीनशे नावं काढून आणली. जगात अजून कुणाचंच नाही असं नाव देतं ते. पहिलंच आहे, क्षिरान्विका."

"अर्थ काय?"

"अर्थ नाही ना! म्हणून तर कुणाचं नाही."

"त्यांना थांबायला सांग," केतकी घाईघाईने म्हणाली. "माझं होत आलंय."

बारावा दिवस गेला. बारसं पुढे ढकललं. सव्वा महिना झाला. पुन्हा ढकललं. दवाखान्याच्या कागदावर पोरगी 'बेबी ऑफ ऋतुजा' होती. लसीच्या कार्डावरही तेच होतं. अंटार्क्टिकावर तेव्हा सूर्य उगवतच नव्हता. चोवीस तासांत दुपारी थोडासा जांभळा उजेड पडायचा, तोही बेताचाच. त्या उजेडाच्या वेळी केतकी बर्फावरच्या खोपट्यात जायची.

खोपटं तळापासून पाच मिनिटांवर होतं. त्याच्या मध्यभागी बर्फात एक छिद्र होतं आणि त्यातून पाण्यातले माइक आणि एक स्पीकर खाली सोडलेले होते. छिद्र गोठू नये म्हणून कडेने तापलेली तार फिरवली होती. या आयत्या छिद्रात एक म्हातारी सील श्वास घ्यायला यायची. तिचे दात हिरड्यांपर्यंत झिजलेले होते. आधी पाणी हलायचं, मग मिशा, मग दोन मोठे काळे डोळे, मग फुस्स. पाव तास ती तिथेच तरंगत राहायची. केतकी स्टुलावर बसून तिच्याशी बोलायची. विषय बहुधा ऋतुजाच्या बहिणीचा असायचा.

जुलैच्या मध्यावर ध्वनिवेधने तळाचं नाव शोधून काढलं.

आवाज अतिशय बारीक होता, माणसाला अजिबात ऐकू न येणारा. तळाच्या आसपास पोचलेला कुठलाही सील तो काढायचा. विचित्र गोष्ट पुढेच होती. बाकीच्या नावांना सील त्या त्या जागेकडे वळायचे. हा आवाज ऐकला की तळाकडे येणारे सील फिरून परत जायचे. एकूण एक. म्हातारी तेवढी येत राहिली होती; तिच्या जवळपास तो अजून कुणी काढला नसावा, असं केतकीला वाटलं. केतकीने जुन्या नोंदी चाळल्या. तळ बांधताना ट्रॅक्टरांनी या खाडीतला बर्फ दाबून टाकला होता आणि छिद्रं बुजली होती. खाली त्या वेळी कोण होतं, ते कुणी पाहिलं नव्हतं. आता आठ वर्षांनी इथे येणाऱ्या बऱ्याच सीलनी ती छिद्रं पाहिलेलीही नसतील. पण नाव उरलं होतं, आणि त्याचा अर्थ, जितका यंत्राला लावता आला तितका, असा होता: इकडे कुणी येऊ नका.

तांबोळींचा फोन आला तेव्हा ती म्हणाली, "अजून खात्री होत नाहीये, सर."

"सावकाश करा, मॅडम. मी परवा विचारतो."

"उद्या विचारलंत तरी चालेल," केतकी म्हणाली.

तिला कारण होतं. निष्कर्षाची खात्री करण्याची एकच पद्धत असते. तो आवाज आपण स्वतः पाण्यात वाजवायचा आणि सील काय करतात ते बघायचं. बाकीचे सील गेले असते तर दुसऱ्या छिद्रांवर गेले असते. म्हातारीला दुसरं छिद्र नव्हतं.

अशा रीतीने दोन नावं अडवून केतकी वाकोडे त्या हिवाळ्यात जगातली सर्वांत जास्त फोन येणारी एकटी बाई झाली.

ऑगस्टच्या सुरुवातीला आईचा फोन आला. मागे प्रज्वल नव्हता, ऋतुजा नव्हती. आईने टॅब्लेट कशाला तरी टेकवून ठेवला होता आणि ती शेंगा फोडत होती.

"किती दिवस चालवणार आहेस?" आईने विचारलं.

"काय?"

"केतके, गल्लीतल्या कुत्रीला पिल्लं व्हायच्या आधी तू त्यांची नावं ठरवून बसायची. आणि सख्ख्या भाच्चीचं तुला दोन महिने नाव सुचत नाही?"

पडद्यावर शेंगा फुटत होत्या.

"पोट्टी मान धरायला लागली," आई म्हणाली. "सगळे तिला 'ए' म्हणून हाक मारतात. उद्या मोठी झाल्यावर रस्त्यात कुणालाही 'ए' म्हटलं की वळून पाहील ती."

"आई, नाव दिलं की..."

"दिलं की काय?"

"काही नाही."

आईने एक शेंग फोडली, दाणा तोंडात टाकला आणि कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाली, "फोन आम्ही करू, बाई. नाव दे तू."

बारसं रविवारी झालं. केतकीने निळी पैठणी नेसून घेतली, खालून थर्मल पायजमा तसाच ठेवून. अमरावतीला घर बायकांनी भरलं होतं. घुगऱ्यांचं पातेलं दिसत होतं. झेंडूच्या माळा लावलेला पाळणा दिसत होता. टॅब्लेटला हळदकुंकू लावलेलं होतं, त्यामुळे केतकीला सगळं दृश्य डावीकडून थोडं लाल दिसत होतं.

"आत्याबाईंना आणा पुढे!" कुणीतरी ओरडलं. प्रज्वलने टॅब्लेट दोन्ही हातांत, तीर्थाच्या पेल्यासारखा धरून, पाळण्याशी नेला. बाळाच्या कानाला लावला. केतकीच्या पडद्यावर अंधार आणि एक कान आला. एवढा लहान कान तिने पूर्वी सीलच्या पिल्लाचाही पाहिला नव्हता. सीलला तर बाहेरून कान नसतातच.

"कुर्र," केतकी म्हणाली आणि तिने नाव सांगितलं.

आत्याने कानात नाव सांगितलं, की बाकीच्यांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. ही रीत आहे. आत्याची पाठ बारा हजार किलोमीटरवर होती. पण रीत म्हणजे रीत. पहिला धपाटा ऋतुजाच्या बहिणीने टॅब्लेटच्या मागच्या बाजूवर घातला, जरा तीनशे नावांच्या हिशेबानेच घातला. दुसरा शेजारच्या काकूंचा. तिसऱ्याला टॅब्लेट प्रज्वलच्या हातातून निसटला. केतकीला क्षणभर छत दिसलं, मग घुगऱ्या अगदी जवळून दिसल्या आणि मग काहीच दिसलं नाही.

नाव मोठ्याने जाहीर करायचं राहिलं होतं. ते फक्त बाळाला माहीत होतं, आणि बाळ सांगणार नव्हतं. म्हणजे आता फोन येणार. यायलाच हवा. केतकी पैठणीतच बसून राहिली. जनरेटर घुमत होता. यंत्राने पोळ्या आणून ठेवल्या आणि थोड्या वेळाने परत नेल्या. 'काय नाव म्हणालीस, ताई, ऐकूच नाही आलं!' असं प्रज्वल म्हणेल आणि मग आपण एकदम न सांगता आधी त्याला ओळखायला लावू, असं तिने ठरवलं.

संध्याकाळी संदेश आला. लिहिलेला. 'आईने ऐकलं. इंदू मस्त आहे. टॅब्लेट गेला. घुगऱ्या पुरल्या.'

त्यामुळे परत फोन करायची गरज पडली नाही.

सोमवारी घरून फोन आला नाही. मंगळवारी तांबोळींचा आला.

"मॅडम, आज आपण आवाज वाजवून बघतोय."

"सर, माझी अजून खात्री..."

"मॅडम," तांबोळी शक्य तितक्या हळुवारपणे म्हणाले, "ध्वनिवेध जे तुम्हाला सांगतं, तेच आम्हालाही सांगतं. निष्कर्ष इथे जुलैतच आलाय."

केतकीला हे माहीत असायला हवं होतं. यंत्र तिच्याच चमूने बनवलं होतं. "मग तुम्ही रोज फोन का करत होतात?"

"फाइलवर 'पाठपुरावा चालू आहे' असा शेरा लागतो. दर वेळी नवा. आणि तुम्हीच म्हणाला होतात, उद्या विचारलंत तरी चालेल."

"आवाज वाजवू नका. इथे एक म्हातारी सील आहे. तिला दुसरीकडे जागा नाही."

"मॅडम, मी काही करत नाहीये. वेळ लावून ठेवलेली आहे. इथूनच वाजतो तो." मागे कुणीतरी त्यांना हाक मारली. "आता वाजला बहुतेक."

केतकी धावत सुटली. बर्फावर धावू नये, हा तिथला पहिला नियम आहे. ती दोनदा पडली. खोपट्यात पोचून तिने पडदा उघडला. खाडीच्या तोंडाशी जमलेले सगळे ठिपके, एकेक सील म्हणजे एकेक ठिपका, वळून उत्तरेला निघाले होते. त्यांच्यात घाई नव्हती, गोंधळ नव्हता. लग्नघर चुकलेली माणसं पाटी वाचून परत फिरतात, तसे ते निघाले होते. थोड्या वेळात पडदा कोरा झाला. म्हातारी फारसा आवाज काढत नसे, त्यामुळे तिचा ठिपका त्यावर नसायचाच. खोपट्यात तिने काहीच ऐकलं नव्हतं. आवाज तिच्याही कानापलीकडचा होता.

छिद्रातलं पाणी काळं आणि सपाट होतं. ती स्टुलावर बसली. सीलच्या फुप्फुसात किती वेळची हवा मावते हे तिला ठाऊक होतं, आणि ते ठाऊक नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

मग पाणी हललं. मिशा आल्या. डोळे आले. फुस्स.

म्हातारपणी आधी बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. माणसांचंही तसंच असतं. म्हातारीला ते नाव ऐकूच आलं नव्हतं. या जागेला 'येऊ नका' म्हणतात हे तिला कधीच कळलं नव्हतं, आणि म्हणूनच ती येत होती.

"बस," केतकी तिला म्हणाली. "तुला एक गंमत सांगते. पोट्टीचं नाव इंदू ठेवलं."

म्हातारीने नाकपुड्या मिटल्या आणि उघडल्या.

पंधरा ऑगस्टचा समारंभ दिल्लीत झाला आणि केतकीने तो पडद्यावर पाहिला. मंत्री म्हणाले, की इतिहासात प्रथमच एका राष्ट्राने आपल्या तळाला नाव देण्याचा मान तिथल्या भूमिपुत्रांना दिला आहे आणि आता आपण ते नाव प्रत्यक्ष ऐकणार आहोत. त्यांनी बटण दाबलं. सभागृहात गंभीर शांतता पसरली. ती ठराविक वेळ टिकली आणि मग नाव वाजून झाल्याचा हिरवा दिवा लागला. बाहेर सुरक्षा पथकाची कुत्री भुंकू लागली. पहिल्या रांगेतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. एका ज्येष्ठ साहित्यिकांनी डोळे पुसले. नावाचा अर्थ कुणी विचारला नाही. विचारला असता तर तांबोळींच्या हातात एक कागद तयार होता आणि त्यावर 'संशोधन सुरू आहे' असं लिहिलेलं होतं.

पुढे नकाशे छापणाऱ्या आंतरराष्ट्रीय कचेरीने कळवलं, की जे नाव लिहिता येत नाही ते नोंदवता येत नाही. मुख्यालयाने उत्तर पाठवलं, की हा त्यांच्या लिपीचा दोष आहे. पत्रव्यवहार चालू आहे. तांबोळींचे फोन थांबले, कारण पाठपुरावा आता दुसऱ्या विभागाकडे गेला होता.

सूर्य परत येऊ लागला. आधी डोंगरामागे नुसती केशरी रेघ आली, मग एक दिवस कडेचा तुकडा. केतकी रोज ठरलेल्या वेळी, केस विंचरून, पाच मिनिटं पडद्यासमोर बसत असे आणि मग खोपट्यात जात असे. एकदा तिने स्वतःच घरी फोन लावला. "काय झालं गं?" आईने विचारलं. काही झालं नव्हतं. इंदू झोपली होती. थंडी होती. पोळ्या यंत्र करत होतं.

महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मात्र प्रज्वलचा फोन आला. केतकीने तो पहिल्या घंटीला उचलला. मागे घरभर धावपळ चालली होती, कपाटाची दारं आपटत होती, आणि कुठेतरी इंदू रडत होती.

"ताई, एक सांग पटकन," प्रज्वल म्हणाला. "मुखवट्यांची पेटी कुठं ठेवली तू? जाताना घर आवरलं होतं म्हणे तू. आई म्हणते, तुलाच माहीत."

पेटी दिवाणाखाली होती. केतकीला ते त्याच क्षणी आठवलं.